वाचनालय चांगलंय, फक्त कपाटापर्यंत पोचू द्या

दोन वर्षं झाली मेंबर होऊन, आता लिहायला हरकत नाही. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण गाव लहान, ग्रंथपाल सर आमच्याच गल्लीत राहतात आणि मला परवा परत तिथंच पुस्तक बदलायला जायचंय. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, शंभरी कधीच ओलांडलेलं वाचनालय, खाली पेपर वाचायचा हॉल आणि देवघेवीचं काउंटर, वर पुस्तकं, मागं पत्र्याची अभ्यासिका. एवढ्या वर्णनात महाराष्ट्रातली निम्मी वाचनालयं बसतील त्यामुळं कुणाला ओळखू येणार नाही, आणि ज्यांना येईल त्यांनी गप्प बसा प्लीज.

आधी पैशाचं सांगते म्हणजे ज्यांना तेवढंच वाचायचंय ते मोकळे. अनामत पाचशे, महिन्याला साठ रुपये, त्यात एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. आज एखादी बऱ्यापैकी जाड मराठी कादंबरी घ्यायची तर चारशे-पाचशे जातात आणि आमच्या सासूबाई आठवड्याला दोन संपवतात, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. पहिल्याच महिन्यात पैसे वसूल झाले. फॉर्मला दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि एका जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही लागते. हो, जामीन. बँकेत कर्ज काढताना लागत नाही आजकाल पण इथं लागतो. मला नवीन गावात कोण ओळखणार, शेवटी सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एका आजींनी सही दिली आणि "बाई, पुस्तक हरवू नकोस, माझं नाव खराब होईल" असं तीनदा बजावलं.

मी माहेरची रत्नागिरीची. तिथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, त्यामुळं वाचनालयाच्या बाबतीत आमचं नाक जरा वरच असतं हे आधीच कबूल करते. इथं आल्यावर पहिलं वाटलं ते हेच की अरे इथं पुस्तकं फारशी नाहीत वाटतं. हे मत पुढं दीड वर्ष टिकलं आणि ते साफ चुकीचं होतं. तेच सांगायला बसलेय खरं तर.

पुस्तक मिळतं कसं ते बघा. काउंटरवर तीन जाडजूड रजिस्टरं आहेत, लेखकाच्या आडनावाप्रमाणं. पण नुसतं नावाला आडनावाप्रमाणं, कारण दरवर्षी नवीन आलेली पुस्तकं मागं चिकटवत गेलेत, त्यामुळं 'प' मध्ये शोधायचं म्हणजे सात ठिकाणी शोधायचं. कॉम्प्युटर आहे, सरकारी ई-ग्रंथालय सॉफ्टवेअर पण आहे, पण नोंदी अर्ध्याच केल्यात, मधे ज्या मुलीनं चालू केलं होतं तिचं लग्न झालं. मग आपण रजिस्टरातून पाच पुस्तकांचे दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयातले नोंदणीचे नंबर, एका चिठ्ठीवर लिहायचे, आवडीच्या क्रमानं, ती चिठ्ठी मामांकडं, म्हणजे इथल्या शिपायांकडं, द्यायची, मामा जिना चढून वर जाणार, आपण खाली बाकावर. दहा मिनिटं, कधी वीस. मग मामा येतात आणि पाचातलं एक पुस्तक आणतात. कधी तेही नाही.

आणि "नाही" म्हणजे काय हे कळायला मला सहा महिने लागले. नुसतं "नाही" म्हणजे कुणीतरी नेलंय. "आत्ता नाही" म्हणजे बाइंडिंगला गेलंय, आणि बाइंडिंगला गेलेलं पुस्तक सहा महिने तरी येत नाही, आमच्या तालुक्यात बाइंडर एकच आणि त्याच्याकडं कोर्टाच्या फायली पण असतात. तिसरं "बघतो मॅडम", ते सगळ्यात वाईट. म्हणजे सापडत नाही.

हे सगळं जिथं घडतं त्या काउंटरच्या बरोब्बर वर भिंतीवर रंगनाथनांची पाच सूत्रं रंगवलेली आहेत. डॉ. शि. रा. रंगनाथन, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे आद्यपुरुष, त्यांचा १२ ऑगस्ट हा वाढदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी इथं फोटोला हार पण घालतात. १९३१ साली मांडलेली सूत्रं. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. मी वीस वीस मिनिटं त्या चौथ्या सूत्राखाली बसून काढलीत. अक्षर सुंदर आहे, पेंटर चांगला होता.

तर अशीच बसलेली असताना मागणी वही हातात आली. वर पुठ्ठ्यावर लिहिलंय 'वाचकांच्या सूचना व मागणी वही', दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधलेली, पेनही बांधलेलं (पेन चालत नाही). उघडली आणि पुढचे दोन तास मी तिथंच. मामांना विचारलं जुन्या वह्या आहेत का, त्यांनी टेबलाखालून अजून तीन काढल्या. सगळ्यात जुनी २००३ सालची.

अहो काय एकेक आहे त्यात. "हॉलमधला दुसरा पंखा आवाज करतो, वाचन होत नाही." तीन महिन्यांनी त्याच अक्षरात, "पंख्याचा आवाज बंद झाला, आता पंखाच बंद आहे." एका आजोबांनी दर आठवड्याला लिहिलंय की अमुक पेपरचं शब्दकोडं कुणीतरी आधीच सोडवून ठेवतं, हा गुन्हा आहे. मोठ्या टाइपातली पुस्तकं मागवा, अशी मागणी मी मोजली, चार वह्यांमध्ये एकोणीस वेळा आहे. वेगवेगळी अक्षरं, काही तर इतकी थरथरती की कशासाठी मागतायत ते सांगायची गरजच नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मागण्या वेगळ्याच ओळखू येतात, लाल पेन, खाली दोन रेघा, "नवीन आवृत्ती आणा, पाच वर्षं जुनी वाचून आम्ही नापास होतोय." एका बाईंनी लिहिलंय की स्वयंपाकाच्या पुस्तकातलं दिवाळी फराळाचं पान कुणीतरी कापून नेलंय, ज्यांनी नेलं त्यांच्या चकल्या बिघडोत.

माझी सगळ्यात आवडती नोंद २००९ ची. कुणीतरी रहस्यकथेचा दाखल क्रमांक देऊन लिहिलंय, "सदर पुस्तकाची शेवटची चार पाने नाहीत. खुनी कोण ते कृपया कळवावे." खाली दुसऱ्या अक्षरात एकच शब्द, "डॉक्टर". त्याच्याखाली तिसऱ्या कुणाचं तरी, "इथे असे लिहू नये, मी पुस्तक अर्धेच वाचले होते."

हसून झालं की एक गोष्ट लक्षात येते. ही माणसं भांडायला आलेली नाहीत, वाचायला आलीत. आणि मागितलेली पुस्तकं काही फार अवघड नाहीत. जुन्या कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, शेतीचं एखादं, आयुर्वेदाचं. काही नावं परत परत येतात, २००३ च्या वहीत पण आणि मागच्या वर्षीच्या वहीत पण. समोर 'नोंद घेतली' असा शिक्का. म्हटलं बघा, वीस वर्षांत एवढी पुस्तकं घेता आली नाहीत यांना. मी घरी येऊन सासूबाईंना तावातावानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं यातली दोन मी वाचलीत, इथनंच आणून. तू जन्मली पण नसशील तेव्हा."

मला पटेना.

मग मागच्या उन्हाळ्यात मामांचा गुडघा धरला. जिना चढवेना. पाच-सहा जण बाकावर ताटकळत, सर मीटिंगला साताऱ्याला गेलेले, काउंटरवरच्या ताईंना खुर्ची सोडता येईना. मी म्हटलं, "ताई, मी वर जाऊन आणू का सगळ्यांची?" त्या इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "जावा, पण पर्स इथं ठेवून जावा." दीड वर्षात पहिल्यांदा मी माझ्या वाचनालयातली पुस्तकं बघितली. बघितली म्हणजे नुसती बघितली, कपाटात, ओळीनं.

काय सांगू. लांबच्या लांब हॉल, दोन्ही बाजूला लोखंडी कपाटं, काही जुनी सागवानी काचेची, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास, खिडकीतनं उन्हाचा पट्टा. आणि पुस्तकंच पुस्तकं. रत्नागिरीवालीचं नाक तिथंच खाली आलं. एक पूर्ण कपाट नाटकांचं, पडद्याच्या जमान्यातल्या संगीत नाटकांपासून. शिकारकथांचे दोन खण. स्थानिक लोकांनी स्वतः छापलेली चरित्रं, गावचे इतिहास, घराण्यांच्या वंशावळी, जे तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही. वाचनालयांना पुस्तकं देणारं कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे ना, १९७२ सालचं, त्यांच्या शिक्क्याची विज्ञानाची आणि बालसाहित्याची दोन कपाटं, कोरी करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. एका पुस्तकाची तारखेची चिठ्ठी बघितली, शेवटचा शिक्का १९९८.

पण लावलेली कशी? पुस्तकांच्या पाठीवर ड्यूईचे, म्हणजे विषयाप्रमाणं पुस्तकं लावायच्या पद्धतीचे, नंबर आहेत, कधीतरी कुणीतरी मन लावून चिकटवलेले. मराठी कादंबरी ८९१.४६३, कविता ८९१.४६१, शेती ६३०, स्वयंपाक ६४१.५, असं सगळं. त्या नंबरप्रमाणं लावली तर डोळे मिटून सापडावीत. नंतर ताईंनी सांगितलं की आठ-दहा वर्षांपूर्वी छत गळायला लागलं, घाईघाईनं सगळी पुस्तकं खाली काढली, रंग झाला, आणि परत लावताना हमालांनी हाताला येतील तशी भरली. तेव्हापासून तशीच आहेत. कवितेच्या शेजारी ऊस, उसाच्या शेजारी संतचरित्र, त्याच्यामागं दुसऱ्या रांगेत कादंबऱ्या, कारण कपाटात दोन रांगा केल्यात आणि मागची रांग दिसतच नाही. मामांना काही कपाटं पाठ आहेत, तेवढीच पुस्तकं फिरतात. बाकीच्यांना "बघतो मॅडम".

मी घरून दुसऱ्या दिवशी मागणी वहीतल्या परत परत येणाऱ्या अकरा पुस्तकांची यादी करून गेले आणि ताईंची विनवणी करून परत वर शिरले. दोन तासांत अकरातली सात सापडली. सात! एकाच्या तर तीन प्रती. वर्षानुवर्षं लोक खाली बसून जी पुस्तकं मागत होते ती त्यांच्या डोक्यावर बारा फुटांवर होती.

सरांशी बोलले मग. मला वाटलं चिडतील, चिडले नाहीत, चहा मागवला. त्यांची बाजूही लिहायला पाहिजे कारण ती खोटी नाही. पूर्वी इथं मुक्तद्वार होतं, म्हणजे वाचकांनी कपाटातून आपापलं निवडायचं. मग पुस्तकं जायला लागली, पानं कापली जायला लागली, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतनं तर प्रकरणंच्या प्रकरणं. सरकारी निरीक्षक तपासणीला येतात तेव्हा दाखलनोंद रजिस्टर आणि कपाट जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर उत्तर सरांनी द्यायचं. २०१२ मध्ये तर राज्यभर महसूल खात्याकडून वाचनालयांची पडताळणी झाली होती, कागदावरची वाचनालयं शोधायला, त्याची धास्ती यांच्यासारख्या खऱ्याखुऱ्या चालणाऱ्यांनी पण घेतली. तेव्हापासून वरच्या दाराला कुलूप.

दुसरं, जुनी फाटकी पुस्तकं काढून टाकून जागा का करत नाही विचारलं. तर वाचनालयाचा वर्ग, म्हणजे अ ब क ड, जो ठरतो त्यात एकूण पुस्तकं किती हा मुद्दा असतो, सभासद किती, नियतकालिकं किती, किती तास उघडं हेही असतं पण पुस्तकांची संख्या मोठी गोष्ट. संख्या खाली गेली तर वर्ग खाली, वर्ग खाली तर अनुदान खाली. त्यामुळं वाळवीनं खाल्लेलं, वाचता न येणारं पुस्तकसुद्धा कपाटात उभं आहे, हजेरी द्यायला. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक रीतसर नोंदीतून काढायची, पद्धत आहे पण त्याची कागदपत्रं करणार कोण, चार माणसं आहेत, त्यातले मामा गुडघ्यानं अधू.

पगार ऐकून मी गप्पच झाले. आकडा लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशी चार घरं करून त्यापेक्षा जास्त मिळवतात. शासनाचं परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे पैसे, वर्षातून दोन हप्त्यांत येतं, ते पगार आणि बाकी खर्च यांच्यात वाटायचं, त्या बाकी खर्चातच पुस्तकं, पेपर, लाइटबिल, सगळं. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ द्यायचं ठरलं, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते जिथल्या तिथं होतं. आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यात ग्रंथालय कराची तरतूदच नाही. तमिळनाडूत १९४८ च्या आणि कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं मालमत्ता कराबरोबर वाचनालयासाठी वेगळा कर घेतात, आपल्याकडं ते नाही, सगळं अनुदानावर आणि वर्गणीवर. सर हे सगळं एकदम पाठ असल्यासारखं बोलत होते, दरवर्षी वार्षिक सभेत बोलतात म्हणे, ऐकायला दहा माणसं असतात आणि ती नाश्त्यासाठी थांबलेली असतात.

हे सगळं मान्य. तरी मी सरांना म्हटलं आणि इथं पण म्हणते, कपाट लावायला अनुदान लागत नाही. नंबर आधीच चिकटवलेले आहेत.

बाकीच्या सेवांचं भराभर लिहिते.

दिवाळी अंक योजना. डोळे झाकून घ्या. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ पासूनची, आणि माझ्या मते आज ती जिवंत राहिलीय ती वाचनालयांच्या जिवावर, कारण चारशे रुपयाला एक अंक घेणार कोण. इथं साडेतीनशे भरा आणि मार्चअखेरपर्यंत शंभरावर अंक फिरवा. अट एकच, तीन दिवसांत परत. डिसेंबरात काउंटरवर बायकांची जी झुंबड असते ती बघायला तरी या. ज्योतिषाचे अंक आधी संपतात, मग रेसिपीचे, मग विनोदी. वैचारिक अंक कुणाशी न भांडता मिळतो. ताई या काळात एकदम वेगळ्याच फॉर्मात असतात, कुणाला काय आवडतं ते त्यांना माहीत असतं आणि ड्रॉवरमधनं बरोब्बर तुमचा अंक काढून देतात. मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंसाठी हा ठेवलाय, यात अक्षर मोठं आहे." तीच ती एकोणीस वेळा मागितलेली गोष्ट. वाचतात म्हणजे वही, कुणीतरी वाचतं. शिक्का मारून झाल्यावर का होईना.

अभ्यासिका. पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी, तरी सकाळी सातला भरलेली असते. आजूबाजूच्या वाड्यांवरची मुलं एसटीनं येतात, डबा घेऊन, रात्री शेवटच्या गाडीनं जातात. शांतता अशी की खाली पेन पडला तर सगळे बघतात. मुली कमी आहेत आणि त्याचं कारण वहीत २०११ पासून लिहिलेलं आहे, स्वच्छतागृह एकच आणि त्याची किल्ली मामांकडं. मामा चांगले आहेत हो, पण किल्ली मागायला हॉलमधल्या पंधरा पुरुषांच्या समोरनं जायचं. याला मी एकही मार्क देणार नाही. चुना-विटांचा प्रश्न आहे, पैसे लागतील, पण सभागृहाला मागच्या वर्षी नवीन माइक सिस्टीम आली, ती कशातनं आली मग?

संदर्भ विभाग म्हणजे सरांच्या केबिनमधली तीन कपाटं, कुलूपबंद. मराठी विश्वकोशाचे वीसच्या वीस खंड आहेत, हात लावायला अर्ज. आणि तोच विश्वकोश वाईच्या विश्वकोश मंडळानं कधीच ऑनलाइन फुकट ठेवलाय, कुणीही मोबाइलवर वाचू शकतं. म्हणजे जे जगाला मोफत आहे त्याला इथं कुलूप. कुलूप लावायचंच तर खालच्या मजल्यावर जिन्याखालच्या कपाटातली जुनी पुस्तकं वर नेऊन त्यांना लावा. शिळाप्रेसची, म्हणजे दगडावरून छापलेली, आहेत काही. इमारतीच्या मागं ओढा आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली केवढी जुनी पुस्तकं भिजून गेली, पेपरात फोटो बघून पोटात कालवलं होतं. आपला ओढा म्हणजे कृष्णा नाही, पण जिन्याखाली पाणी यायला कृष्णा लागत नाही. हे मी वहीत लिहिलंय. शिक्का बसलाय.

बालविभाग. माझी लेक सहावीत आहे. तिला मागच्या वर्षी भिलारला नेलं होतं, पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ ला सुरू झालं ते. तिथं लोकांच्या घरातच कपाटं उघडी, मुलं जमिनीवर लोळून वाचतायत, कुणी ओरडत नाही, स्ट्रॉबेरी खायला गेलो आणि चार तास पुस्तकात गेले. परत आल्यावर ती उत्साहानं आमच्या वाचनालयात आली आणि चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहायला बसवलं तिला. पोर म्हणाली, "आई, मला नंबर माहीत नाही, मला चित्र बघून घ्यायचंय." बरोबर आहे तिचं. मोठ्यांना पण तेच करायचं असतं. आपल्याला काय वाचायचंय हे आधी माहीत असतं थोडंच? शेजारचं काढायला जातो आणि भलतंच घेऊन येतो, वाचनालयाची अर्धी मजा ती. ती चिठ्ठीत येत नाही.

आता बदल काय झाला ते, म्हणजे नुसती कुरकुर नको. आम्ही सात-आठ जणांनी, त्यात दोन निवृत्त मास्तर, शब्दकोडंवाले आजोबा आणि भजनी मंडळातल्या माझ्या जामीनदार आजी, एकाच दिवशी वहीत एकच मागणी लिहिली. आठवड्यातनं दोन तास वर जाऊ द्या. त्याला शिक्का न मारता सरांनी ती कार्यकारी मंडळात नेली. दिवाळीनंतर परवानगी आली. शनिवारी चार ते सहा, एका वेळी पाच जण, पिशव्या खाली, मोबाइल चालेल. बदल्यात आम्ही दर शनिवारी दोन कपाटं नंबरप्रमाणं लावून द्यायची. आजोबा ६३० शोधत फिरतात आणि सापडलं की ओरडतात. आत्तापर्यंत चौदा कपाटं झाली, सव्वीस राहिलीत. एकही पुस्तक गेलेलं नाही. उलट कविता लावताना एक पाकीट सापडलं, १९८४ सालचं, आत दंडाचे सव्वा रुपये आणि "क्षमस्व" अशी चिठ्ठी. सरांनी पावती फाडायला घेतली होती, नावावर काय लिहायचं यावर अडलं.

मार्क विचाराल तर पुस्तकांना पाचपैकी साडेचार, ताईंना पाच, मामांना पाच, रजिस्टरांना एक, स्वच्छतागृहाला शून्य. देवघेवीची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ, सोमवारी बंद. नवीन मेंबर व्हायचं असेल आणि जामीन मिळत नसेल तर शनिवारी वर या, आमच्यातलं कुणीतरी सही देईल, पण पुस्तक हरवू नका.

अरे हो. बाराव्या कपाटात मागच्या रांगेत त्या रहस्यकथेची दुसरी प्रत सापडली, शेवटची चार पानं धडधाकट. रात्री जागून वाचली. दुसऱ्या दिवशी २००९ ची वही मागून घेतली आणि त्या नोंदीखाली लिहिलं, "दुसरी प्रत वर आहे. डॉक्टर नाही." काल बघितलं तर खाली पेन्सिलीनं कुणीतरी विचारलंय, "मग कोण?"